परसातलं बीळ कुणाचं?

वैशाख संपत आला की आमच्या परसात दरवर्षी एक मोठं काम निघतं. पावसाआधी लाकडं आत घ्यायची, उरलेली कौलं पडवीत रचायची, माडांची अळी मोकळी करायची आणि भिंतीलगत साठलेला वर्षभराचा पसारा उचलायचा. या कामात हमखास काहीतरी सापडतं. कधी न्हाणीच्या दगडाजवळ ताज्या मातीचा ढीग आणि बाजूला मूठ जाईल एवढं भोक, कधी पंपाच्या खोपटात पत्र्याखाली लोंबणारं करड्या रंगाचं घरटं, तर कधी वीट उचलावी आणि खाली नांगी उभारलेला विंचू. मग घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो. कुणी रॉकेल ओता म्हणतं, कुणी टेंभा लावा म्हणतं, कुणी बाजारातून विषाच्या वड्या आणायला निघतं. माझं इतक्या वर्षांचं म्हणणं एकच आहे. हात लावण्याआधी ते घर कुणाचं आहे ते ओळखा. परसातले बहुतेक अपघात घाईने होतात, आणि ओळख पटली की पुष्कळदा काही करायची गरजच उरत नाही.

बिळापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याबद्दल आहेत.

भोकाचं तोंड, तोंडाशी पडलेली माती आणि जागा या तीन गोष्टी नीट पाहा. भिंतीच्या पायाशी, गोठ्याच्या कडेला किंवा सांडपाण्याच्या गटाराजवळ मुठीएवढं भोक आणि पुढ्यात भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग असेल तर ती घूस. ही कधीकधी आतून मातीने तोंड बंदही करून घेते, त्यामुळे नुसता ढीग दिसतो आणि भोक दिसत नाही. तोंड थोडं लहान, कड गुळगुळीत आणि भिंतीलगत पायवाटेसारखी चाकोरी पडलेली असेल तर उंदीर. ओल्या जागी तोंडाभोवती चिखलाच्या गोळ्या रचलेल्या दिसल्या तर तो खेकडा; त्याच्या वाटेला जाऊ नका. कोरड्या, उघड्या जमिनीत पेन्सिल जाईल एवढं भोक आणि भोवती मातीचं छोटं कडं असेल तर बहुधा एकेकट्या राहणाऱ्या माशीचं किंवा खणणाऱ्या गांधीलमाशीचं घर असतं. या माश्या टोळीने राहत नाहीत आणि टोळीने अंगावर येत नाहीत. मोठी काळी इंगळीही बीळ खणते. तिच्या बिळाचं तोंड गोल नसतं, आडवं, चपटं, चंद्रकोरीसारखं असतं. आणि पावसाळ्यात अंगणभर मातीच्या बारीक गोळ्यांच्या ढिगल्या उठतात ती गांडुळांची विष्ठा. त्यावर मीठ टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. जी माती विकत आणायला आपण पैसे मोजतो तीच माती ही गांडुळं फुकट करून देत असतात, त्यांना मारू नका.

साप मात्र बीळ खणत नाही. तो उंदरा-घुशीच्या किंवा वाळवीच्या तयार घरात शिरतो. म्हणून भोकाच्या तोंडाशी ताजी माती नाही, कड घासून गुळगुळीत झालेली आहे आणि आसपास कात पडलेली आहे, असं दिसलं तर तिथं काठी, पाणी, धूर काहीही घालू नका. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये, ही रीत आपल्याकडे आहे. श्रावणात बिळांत पाणी शिरून साप वर आलेले असतात हे ज्याने शेतात काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. सर्पमित्राचा नंबर माहीत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्यातही धामण असेल तर तिला जाऊ द्या. ती बिनविषारी आहे, आणि तिच्याइतका उंदीर संपवणारा भिडू आपल्याला मिळायचा नाही.

घूस आणि उंदीर

बीळ उंदरा-घुशीचं आहे असं वाटलं तरी ते आज वापरात आहे का, हे आधी पाहायला हवं. यासाठी शेतकऱ्यांची एक जुनी रीत आहे, ती मी दरवर्षी करतो. संध्याकाळी परसातली सगळी भोकं मातीने बुजवायची आणि पायाने थोपटून सपाट करायची. सकाळी चहाच्या आधी जाऊन पाहायचं. गेल्या वर्षी मी अकरा भोकं बुजवली होती. सकाळी त्यातली तीनच उघडलेली होती. एक पाणी तापवायच्या चुलीमागे, एक नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली आणि एक कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. तिन्ही ठिकाणी माती आतून बाहेर फेकलेली होती आणि ओल्या मातीवर पावलांचे ठसे उमटले होते. बाकीची आठ भोकं जुनी, सोडून दिलेली. म्हणजे अकरा ठिकाणी विष घालायचा बेत तीन ठिकाणच्या कामावर आला. ठसे नीट दिसावेत म्हणून तोंडाशी चुलीतली राख भुरभुरवली तर आणखी बरं.

ही तीन ठिकाणं पाहिली की घूस का आली तेही कळतं. खुराड्यापाशी रात्री सांडलेले दाणे राहत होते. सोडणांचा ढीग वर्षभर हलला नव्हता. चुलीमागे रोज उष्टं पाणी जात होतं. खायला, प्यायला आणि लपायला मिळालं की घूस राहते, यातलं एकेक काढलं की तिला दुसरीकडे जावं लागतं. खुराडं विटांवर उचलून घेतलं, दाणे संध्याकाळी झाडायला लागलो, लाकडं आणि सोडणं जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब रचली. मग जिवंत बिळांत फुटक्या काचा आणि खडी घालून वरून सिमेंट भरलं. काचा नसतील तर नुसतं सिमेंट घूस पुन्हा पोखरते. घरात शिरायच्या वाटा बुजवताना हे लक्षात ठेवा की मोठ्या उंदराला बोट जाईल एवढी फट पुरते आणि लहान चिटऱ्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी. गटाराच्या तोंडाला आणि हवेच्या झरोक्यांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावा, प्लॅस्टिकची जाळी एका रात्रीत कुरतडली जाते.

एवढं करूनही काही उरतातच. त्यांच्यासाठी पिंजरा. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून पिंजरा अंगणाच्या मधोमध ठेवून उपयोग नाही. भिंतीला चिकटून, तोंड चाकोरीकडे करून ठेवा. उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा नुसता उघडा ठेवा, आत भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकट ठेवा आणि खाऊन जाऊ द्या. चौथ्या रात्री कळ लावा. बहुतेक लोक पहिल्याच रात्री कळ लावतात, एक पिल्लू सापडतं आणि बाकीचे शहाणे होतात.

विषाबद्दल मला जरा कडक बोलायचंय, कारण यात माणसं दगावतात. धान्यात घालायच्या गॅसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घराच्या आसपासच्या बिळात कधीही घालू नका. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू फरशीच्या भेगांतून, शेजारच्या खोलीत, झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो आणि त्याच्यावर उतारा नाही. झिंक फॉस्फाइडची काळी पूडही शेतातली वस्तू आहे, परसातली नाही. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. ती लहान मुलाला दात घासायच्या पेस्टसारखी दिसते आणि यकृत निकामी करते. विष घालायचंच असेल तर ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्क्यांच्या वड्या घ्या. त्याने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना वड्यांचा संशय येत नाही. आणि चुकून माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेलंच तर जीवनसत्त्व के हा त्याचा उतारा दवाखान्यात मिळतो. वडी उघड्यावर टाकू नका. हात-दीड हात लांबीचा पाण्याच्या पाइपचा तुकडा भिंतीला तारेने बांधा आणि वडी त्याच्या मधोमध ठेवा, म्हणजे कोंबडी, मांजर, मूल कुणाचाही हात-तोंड तिथं पोहोचत नाही. मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरा. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला की घुबडही मरतं, आणि मग पुढल्या वर्षी उंदीर दुप्पट. कुणी विष खाल्ल्याचा संशय आला तर दवाखान्याकडे निघतानाच दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फोन करता येतो; विषाचं वेष्टण बरोबर न्या. चिकटपट्टीबद्दल एवढंच सांगेन की ती वापरू नका. उंदीर तिच्यावर तासन्‌तास तडफडतो आणि त्याच पट्टीवर पाली, चिमण्या, सापाची पिल्लंही अडकतात.

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो हे मुंबईकरांना २००५च्या महापुरानंतर चांगलं कळलं. कोकणातल्या भातशेतीत तर दर पावसाळ्यात तो डोकं वर काढतो. म्हणून पायाला जखम असताना साठलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका. बिळांची जागा साफ करताना कोरडं झाडू नका, आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, रबरी हातमोजे आणि गमबूट घाला.

जमिनीखाली मुळं खाणाऱ्यांचा विचार थोडक्यात करतो. रोप वरून सुकतंय आणि हलकेच ओढलं की मुळाशिवायच हातात येतंय असं झालं तर खाली हुमणी असते. पांढरी, जाड, अर्धचंद्रासारखी वाकलेली ही अळी उसाच्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. तिचे भुंगेरे वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. एका संध्याकाळी केलेलं हे काम वर्षभराच्या फवारणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. परसात कच्चं शेण घालू नका, पूर्ण कुजलेलंच घाला. उकिरड्यात अळ्या असतील तर त्या शेणखताबरोबर आपणच रोपांपर्यंत नेतो. माडावरच्या गेंड्या भुंग्याच्या अळ्याही अशाच उकिरड्यात वाढतात, त्यामुळे मे महिन्यात उकिरडा उलथून अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाका. मेटारायझियम नावाची बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते, ती ओलसर शेणखतात मिसळून घातली तर अळ्यांना रोग होऊन त्या मरतात.

डोक्यावरचे डंख

आता जमिनीवरून मान वर करू. पत्र्याखाली, खिडकीच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडात जे उघडं, कप्प्याकप्प्यांचं घरटं दिसतं ते गांधीलमाशीचं. एकदा फेब्रुवारीत पंपाच्या खोपटात मी ते अगदी सुरुवातीपासून पाहिलं. एका बारीक देठावर बत्ताशाएवढं घरटं, सात-आठ कप्पे आणि एकच माशी. ती दाराच्या जुन्या चौकटीवर बसून लाकूड खरवडायची, लाळेत कालवायची आणि कप्प्याच्या कडेवर ओठांनी ओढत ओढत बसवायची. जवळ कान नेला की खरवडल्याचा बारीक आवाज यायचा. तेव्हाच काठीने ते पाडलं असतं तर काम संपलं असतं. मला ते पाहायला आवडत होतं म्हणून राहू दिलं आणि मग विसरलो. मे महिन्यात ते ताटलीएवढं झालं आणि पंप सुरू करायला गेलेल्या आमच्या गड्याला पाच डंख बसले. दोष माझा होता. म्हणून आता फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाळा संपताना, दर आठवड्याला एकदा मान वर करून पत्र्याखाली, कौलांच्या पागोळीखाली आणि झुल्याच्या कड्यांपाशी पाहतो. बत्ताशाएवढं दिसलं की लगेच पाडतो.

मोठं झालेलं घरटं काढायचं की नाही, हे जागेवर ठरवा. येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, उंच फांदीवर असेल तर राहू द्या. गांधीलमाश्या वांगी-भेंडीवरच्या अळ्या पकडून आपल्या पिल्लांना भरवतात आणि घरट्याला धक्का लागल्याशिवाय अंगावर येत नाहीत. दाराशी, नळाशी, संडासाच्या वाटेवर किंवा मुलं खेळतात तिथं असेल तर काढायला हवं. वेळ संधिप्रकाश संपल्यानंतरची, सगळ्या माश्या घरट्यावर परतलेल्या असतात तेव्हाची. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, डोक्याला आणि तोंडाला ओढणी किंवा जाळी, हातमोजे, विजार मोज्यांत खोचलेली. टॉर्चवर लाल कागद बांधा, कीटकांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन चमचे घालून फवारणी पंपाने घरटं एका दमात चिंब भिजवा. साबणाचं पाणी माश्यांच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि त्या पटकन मरतात. कीटकनाशक लागत नाही. शिडीवर चढून हे काम करू नका. शिडीवरून पडून मोडलेला पाय गांधीलमाशीच्या डंखापेक्षा जास्त दिवस दुखतो. टेंभा तर मुळीच नको. आमच्या वाडीतल्या एका काकांनी टेंभ्याने घरटं जाळलं, त्याबरोबर शेजारची गवताची गंजीही गेली. मातीतल्या घरट्यात रॉकेल ओतलं तर ते पुढे विहिरीत उतरतं.

घरटं उघडं नसून कागदी मडक्यासारखं बंद असेल आणि एकाच भोकातून अंगठ्याएवढ्या माश्या आत-बाहेर करत असतील, किंवा जमिनीतल्या अगर झाडाच्या ढोलीतल्या भोकापाशी अशीच ये-जा दिसत असेल, तर ते तुमचं-माझं काम नाही. या मोठ्या गांधीलमाश्या झुंडीने येतात आणि एकेक माशी अनेकदा डंख करू शकते. सात-आठ पावलांवरून पाहा, तिथं दोरी बांधून वाट बंद करा आणि हे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा.

भिंतीवर मातीचे बोटाएवढे कुरे बांधणारी, बारीक कमरेची कुंभारीण मात्र निरुपद्रवी आहे. ती अळी किंवा कोळी डंख मारून बधिर करते, कुऱ्यात कोंबते, त्यावर अंडं घालते आणि तोंड बंद करते. काही दिवसांनी त्यातून अळी न निघता कुंभारीण निघते, म्हणून भृंगाच्या ध्यासाने कीटक भृंग होतो असा दृष्टान्त आपल्या संतसाहित्यात आला. खरं तर आतली अळी पिल्लाचा डबा असते. कुंभारीण सहसा माणसाला डंख करत नाही. वाशाला भोकं पाडणारा काळा भुंगाही अंगाभोवती घोंगावतो तेव्हा तो बहुधा नर असतो आणि नराला नांगीच नसते. त्याची भोकं सुतारकामाची पुट्टी लावून बुजवली आणि वाशांना रंग दिला की तो दुसरीकडे जातो.

मधमाश्यांच्या बाबतीत चार नावं ठाऊक असली की भीती कमी होते. झाडाच्या उंच फांदीला किंवा इमारतीच्या छज्ज्याखाली उघडं, हातभर किंवा त्याहून मोठं, काळसर एकच पोळं लोंबत असेल ते आग्या मोहोळ. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, रिकाम्या माठात समांतर अनेक पोळी असतील ती सातेरी. झुडपात तळहाताएवढं, फांदीभोवती गुंडाळलेलं असेल ती फुलोरी. भिंतीच्या भेगेत मेणाची बारीक नळी आणि डासाएवढ्या माश्या असतील ती पोया, तिला डंखच नाही. या चारांपैकी भ्यायचं ते आग्याला. त्याला धूर, अत्तराचा उग्र वास, जोराचा आवाज, पोळ्यावर बसलेली घार, कुणी मारलेला दगड, काहीही पुरतं. किल्ल्यांवर आणि लेण्यांत दरवर्षी माणसं जखमी होतात, ती बहुधा खाली कुणीतरी शेकोटी पेटवल्यामुळे किंवा दगड मारल्यामुळे. घराजवळ आग्या बसला तर त्याखाली होळी, फटाके, कचरा जाळणं बंद ठेवा. आग्या स्थलांतर करणारा आहे, हंगाम संपला की तो आपणहून उठून जातो. फांदीवर अचानक येऊन बसलेला माश्यांचा लोंबता घोस म्हणजे नवं घर शोधायला निघालेला थवा असतो. बहुधा एक-दोन दिवसांत तो पुढे जातो, त्याला हात लावू नका.

सातेरीची वसाहत भिंतीत असेल तर मारण्याऐवजी पेटीत भरून नेणारी माणसं शोधा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरचा परिसर तर सातेरीच्या पेट्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो आणि तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. प्रशिक्षित मधपाळ आता बऱ्याच तालुक्यांत आहेत. तुमच्या परसातल्या दोडक्या-भोपळ्याला फळ धरतं ते याच माश्यांमुळे, एवढं त्यांना बोलवण्याआधी आठवलं तरी पुरे.

आग्या उठलाच तर हात झटकत उभे राहू नका. डोकं आणि तोंड कपड्याने झाका आणि सरळ रेषेत पळा, जवळच्या खोलीत किंवा गाडीत शिरून दार-काच बंद करा. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. मधमाशीचा डंख कातडीत रुतून राहतो आणि त्याची विषाची पिशवी विष आत सोडत असते, म्हणून तो नखाने, कार्डाने, जसा निघेल तसा लगेच काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. गांधीलमाशीचा डंख आत राहत नाही, तिथं खरवडत बसू नका. हातातली अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा, साबणाने धुवा, कापडात बर्फ गुंडाळून ठेवा. चुना, चिंच, कांदा, लोखंड घासणं यांनी विष उतरत नाही, आणि डोळ्याजवळच्या डंखावर चुना लावला तर डोळा जाऊ शकतो.

डंखानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-डोळे सुजले, घसा आवळल्यासारखं झालं, दम लागला किंवा चक्कर आली तर एकच डंख असला तरी १०८ला फोन करा आणि दवाखान्यात पोहोचा. तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच मिळणं हाच इलाज असतो. एकदा असं झालेल्या माणसाने पुढे परसात एकट्याने काम करू नये. पुष्कळ डंख बसले असतील, आणि लहान मुलाला तर थोडेसुद्धा, तर बरं वाटत असलं तरी दाखवून या. विष मूत्रपिंडावर परिणाम करतं आणि ते दोन-तीन दिवसांनीही कळतं. लघवी कमी किंवा काळपट होऊ लागली तर तडक परत जा.

विंचू

शेवटी विंचवाकडे येतो, कारण आपल्या भागात परसातला सगळ्यात घातक डंख त्याचाच.

लोक भितात ते मोठ्या काळ्या इंगळीला. तिचा दंश खूप दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. जीव घेणारा आहे तो लहानखुरा, तांबूस-पिवळसर लाल विंचू. तो कोकणात, देशावर, मराठवाड्यात सगळीकडे आहे, आणि त्याला लांब बीळ खणायचीही गरज नसते. रचलेल्या विटा, कौलं, सरपण, गोवऱ्या, दगडी कुंपणाच्या फटी त्याला पुरतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण सहज म्हणतो, ते खरंच तसं असतं. मादी पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पांढुरकी पिल्लं तिच्या पाठीवर बसून असतात. अशी मादी दिसली तर केरसुणीने झटकू नका, पिल्लं चहूकडे पसरतात. रुंद तोंडाची बरणी वरून पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि वस्तीपासून लांब नेऊन सोडा.

विंचू आहेत का हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. नोटा तपासायला वापरतात तो अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च घ्या आणि अमावास्येच्या आसपास रात्री गमबूट घालून परसात फिरा. त्या प्रकाशात विंचवाचं सगळं अंग हिरवट-निळं चमकतं. पहिल्यांदा हा टॉर्च मी रचलेल्या चिऱ्यांवर मारला तेव्हा एका रांगेत चार चमकले. दुसऱ्या दिवशी तो सगळा ढीग कुदळीने हलवून अंगणाच्या टोकाला नेला, हाताने एकही चिरा उचलला नाही. विटा, सरपण हलवताना जाड चामडी हातमोजे घाला आणि वस्तू आधी काठीने आपल्यापासून पलीकडे उलथा, म्हणजे खालचं जनावर तुमच्या पायांकडे येत नाही. चपला-बूट झटकून घाला, खुंटीवरचा सदरा झटकून घाला, पोरांना रात्री जमिनीवर झोपवू नका.

लाल विंचू चावल्यावर नुसतं दुखत नाही. थोड्याच वेळात दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, छाती धडधडते आणि मग फुप्फुसांत पाणी भरू लागतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण डोळ्यांसमोर जाताना पाहिले, त्यांची लक्षणं नोंदवत राहिले, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली आणि १९८०च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी या रुग्णांना देऊन मृत्यू झपाट्याने खाली आणले. या कामासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हेही त्यांच्या २०११च्या अभ्यासातून पुढे आलं. हे प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झालं. उंदरांवरून पसरलेल्या प्लेगसाठी १८९९ मध्ये परळला सुरू झालेली प्रयोगशाळा ती हीच.

म्हणून विंचू ‘उतरवणाऱ्या’कडे वेळ घालवू नका. इंगळीचं दुखणं काही तासांत आपोआप कमी होतं, त्याचं श्रेय त्याला मिळतं; लाल विंचवाच्या वेळी तेच तास मुलाचा जीव घेतात. दोरी आवळू नका, चिरा पाडू नका, चोखू नका. मुलाला आडवं निजवून, अंगावर पांघरूण घालून, चालू न देता दवाखान्यात न्या. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नका, तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती डॉक्टरांनीच, रक्तदाब पाहत द्यायची असते.

एक काम मात्र प्रत्येकाने आजच करण्यासारखं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि तिथं प्राझोसिनच्या गोळ्या व विंचवाचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर जवळचं कुठलं रुग्णालय रात्री उघडं असतं, हे विचारून या. त्याचा फोन नंबर, १०८ आणि १९२६ हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून मागच्या दाराला लावा.